हाताशी ठेवलेली वही

वैशाख तापू लागला की अमरावतीच्या आमच्या कचेरीच्या खिडकीपुढे रांग लागते. कॉलेजांचे, ट्रेनिंगचे, नोकऱ्यांचे अर्ज भरायचे हे दिवस. प्रत्येकाला आपण केव्हा जन्मलो याचा सरकारी पुरावा हवा असतो. डोक्यावर रुमाल, शर्टाच्या आत छातीशी धरलेला घामेजला कागद, आणि खिडकीशी आल्याबरोबर चेहऱ्यावर उतरणारी ती अजिजी. मी आता खिडकीवर बसत नाही. मागे पंख्याखाली बसतो, लोक मला बडेबाबू म्हणतात. पण रांगेतला घाम, खळीचा आंबूस वास आणि कपाटातून निघालेल्या रजिस्टराची कोरडी धूळ पंख्याच्या वाऱ्यावर माझ्यापर्यंत येते आणि घशाशी पाणी येतं. ओकारी येण्याआधी येतं तसलं. दरवर्षी येतं. सहकारी म्हणतात, साहेबांना ऊन बाधतं. मी मान हलवतो.

मी मुळातच कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याबद्दल लोकांचा फार चांगला समज असतो. गंभीर आहे, सज्जन आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असं म्हणतात. तो काही दाबून बसला असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. दहा वर्षं मी या समजाच्या सावलीत बसून काढली. बायकोला सांगितलं नाही, देवापुढे बसलो तरी त्या जागेवरून मन पुढे सरकवत गेलो. आता सांगतो. सांगून बरं वाटेल अशी आशा नाही, पण न सांगण्याचीच आता जास्त शिसारी येते.

महाराष्ट्र व्हायच्या आदल्या वर्षाचा उन्हाळा. मी तेव्हा अकोल्याच्या एका कचेरीत जन्माच्या नोंदींचा बाबू होतो. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. सकाळी नऊलाच रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ओढायचं. साहेबांच्या खोलीला वाळ्याच्या ताट्या होत्या, त्यांच्यावर पाणी मारायला एक बाई होती. आम्हा चार बाबूंना एक लांब टेबल, एक माठ आणि माठावर साखळीनं बांधलेला एक जर्मनचा पेला. त्या पेल्याच्या कडेला चौघांच्या पानतंबाखूचा थर बसलेला असे. तोंड न लावता वरून प्यायची पद्धत होती, पण घाईच्या दिवसांत ती कोण पाळतो.

जुनी रजिस्टरं अंगणापलीकडे, टिनाच्या छपराच्या वेगळ्या खोलीत. तिला आम्ही रेकॉर्ड म्हणत असू. कोणी दाखला मागितला की अर्ज घ्यायचा, साल आणि वॉर्ड पाहायचा, रहीमभाई शिपायाला किल्ली द्यायची, त्याच्याबरोबर भर उन्हातून अंगण ओलांडायचं, रॅकवरून लाल कपड्यात बांधलेलं गाठोडं काढायचं, गाठ सोडायची, रजिस्टर शोधायचं. मग नोंद, मग नक्कल, मग परत गाठ बांधायची. एका दाखल्याला अर्धा तास जायचा. आतली हवा उकळलेली. वटवाघळांची लेंडी, पालींची फुटलेली अंडी, पानांच्या शिवणीत पळणारी चांदीच्या रंगाची कसर. थुंकी लावून पानं उलटायची आमची सवय, त्यामुळे प्रत्येक पानाचा खालचा कोपरा काळा आणि कडक झालेला. वीस वर्षांच्या बाबूंची थुंकी होती ती. मीही त्यात माझी मिसळत असे.

या त्रासातून वही जन्मली. मला दिसायला लागलं की लोक पुष्कळ येतात, पण मागणी फिरून फिरून त्याच सालांची, त्याच वॉर्डांची होते. वकिलांच्या मुलाला शाळेसाठी दाखला लागला की पुढच्या वर्षी स्कॉलरशिपसाठी लागतो, मग मुंजीच्या वेळी पुरोहित तिथी काढायला मागतो, मग विम्याच्या एजंटाला हवा असतो. प्रत्येक वेळी मी अंगण ओलांडायचं? एके दिवशी मी दोनशे पानी वही घेतली आणि जी नोंद दुसऱ्यांदा मागितली गेली ती सगळी वहीत उतरवून घेतली. तिसऱ्यांदा कोणी आलं तेव्हा उठलोच नाही. वही उघडली, नक्कल केली, शिक्का मारला. पाच मिनिटं. समोरचे मास्तर आ वासून पाहत राहिले. मला ते फार आवडलं.

मग नादच लागला. दुपारी काम कमी असलं की मी रेकॉर्डमध्ये जाऊन नोंदी उतरवून आणी. एकीच्या तीन वह्या झाल्या, तिनांच्या सहा. कोणाच्या उतरवायच्या याचा माझा हिशेब सरळ होता: ज्यांची मागणी येते त्यांच्या. वकील, मास्तर, डॉक्टर, पेढीवाले, भिक्षुकांची आळी. माझ्या स्वतःच्या दोन्ही मुली पहिल्या पानावर. मिलच्या पलीकडच्या वस्त्यांतून वर्षाला दोन-चार अर्ज यायचे. तिथल्या नोंदी उतरवून काय करायच्या? वहीला पानं थोडी. एखाद्या पानावरच्या नावाला सहा महिन्यांत कोणी विचारलं नाही तर त्यावर कागद चिकटवून मी तिथं दुसरं, जास्त चालणारं नाव घालत असे. याचाही मला अभिमान होता. मी कोणाकडून चहासुद्धा घेत नव्हतो, त्यामुळे आपल्या हातून अन्याय होऊ शकतो ही कल्पनाच मला शिवली नाही.

टेबल मात्र चौघांचं होतं. माझ्या सहा वह्या, त्यांच्या याद्या, याद्यांची यादी, असं करत अर्धं टेबल माझं झालं. मृत्यूच्या नोंदींवाले बाबू आपली रजिस्टरं खाली माठाशेजारी ठेवू लागले. माठ पाझरायचा. त्यांच्या खिडकीवरची रांग वाढली. ते कुरकुरले तर तिथले बडेबाबू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, वामनरावांकडून शिका काही. माझी रांग झपझप सरकत होती, एवढंच सगळ्यांना दिसत होतं. नागपूरहून कोणी अधिकारी आले की बडेबाबू त्यांना माझ्या टेबलाशी आणत आणि म्हणत, कोणतंही नाव विचारा जी. अधिकारी अर्थातच गावातल्या ओळखीच्या बड्या माणसाचं नाव विचारत, आणि ते नाव अर्थातच वहीत असे. पुढे पुढे तर वहीचीही गरज लागेना. नाव ऐकलं की तारीख तोंडात यायची. लोक म्हणायचे, काय स्मरण आहे. मी डोळे खाली करून हसत असे. ते हसू आठवलं की आजही तोंड धुवावंसं वाटतं.

रहीमभाईला त्या वर्षात काम उरलं नव्हतं. हा माणूस तीस वर्षं रेकॉर्डची किल्ली कमरेला बांधून होता. कोणतं गाठोडं कुठल्या रॅकवर, हे त्याला अंधारात हात लावून कळे, अक्षरओळख नसताना. आता मी त्याला पानं आणायला पाठवायचो. तो कडुनिंबाखाली बसून राहायचा आणि अधूनमधून उगाच रेकॉर्डचं कुलूप ओढून पाहायचा. होळीच्या सुमाराला तो एकदा टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबू, एक बार अंदर झांक लो. दीवार की बाजू से मिट्टी चढ रई."

बघू, असं मी म्हणालो. मार्चअखेरची तपासणी होती. दरवर्षी मला एका कागदावर सही करावी लागे: रजिस्टरे समक्ष पाहिली, सुस्थितीत आहेत. ती मी टेबलावर बसूनच केली. आदल्या वर्षीही तशीच केली होती आणि त्याच्या आदल्याही. माझ्या सहीखाली बडेबाबूंची सही. शाई वाळायला ठेवलेला तो कागद पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर मी माझी वहीच ठेवली होती.

अशा त्या वैशाखात गणपत आणि त्याची मुलगी शेवंता खिडकीशी आली.

गणपत मिलमध्ये कामाला होता. साठीचा, काटक, पांढरं धुतलेलं धोतर आणि सदरा, केसांत कापसाचे तंतू. घरदार तीन वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं. शेवंता पोरवयातच विधवा झाली होती. बापानं तिला लोकांचं न ऐकता परत शाळेत घातली, सातवी पास करवली, आणि आता अमरावतीला नर्सच्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झाली होती. अट एकच, वय पंचविशीच्या आत हवं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर ती सव्वीस वर्षांची होती. लहानपणी मास्तरांनी मुलगी अंगानं थोराड पाहून अंदाजानं तारीख टाकली होती. खरं वय चोवीस. पंधरा दिवसांत जन्माचा उतारा दाखवला तर जागा मिळणार, नाही तर गेली. पुढल्या वर्षी पुन्हा, असं त्यात नव्हतं. वय कोणासाठी थांबत नाही.

गणपतला सगळं पाठ होतं. "त्या साली मोर्णेले पूर होता, बाबूजी. मी गुडघाभर पान्यातून आलो आन् याच हापिसात अंगठा देल्ला. तवा इथं एक टकले बाबू होते, थे मले म्हने, अरे, पोरगी झाली तं येवढ्या पान्यात कायले आला. मी म्हनलं, लिवून ठेवा जी, पुढं लागते."

मी वही चाळली. अर्थातच नव्हती. सवयीनं तोंडातून निघालं, दिसत नाही, चार दिवसांनी या. चार दिवसांनी ती दोघं आली, मी म्हटलं, काम खूप आहे, आठवड्यानं या. आठवड्यानं आली तेव्हा शेवंता प्रथमच बोलली. आवाज न चढवता म्हणाली, "बाबूजी, आत जाऊन पाह्यलं का तुमी?" मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. मला राग आला, आणि त्या रागातच मी रहीमभाईला किल्ली घेऊन चल म्हणालो.

दार उघडलं तेव्हा एवढ्या भाजक्या उन्हातही आतून ओलसर, थंड मातीचा वास आला. भिंतीवरून बोटाएवढ्या जाड मातीच्या नळ्या चढून रॅकवर गेल्या होत्या. वरून गाठोडी जशीच्या तशी, लाल कपडा नीट, गाठ नीट. त्या सालाचं गाठोडं मी दोन्ही हातांनी उचललं आणि तोल गेला, कारण त्याला वजनच नव्हतं. ओझं उचलायच्या तयारीनं लावलेला जोर रिकामा गेला. गाठ सोडली. पुठ्ठा शाबूत होता. पुठ्ठ्याच्या आत पानांच्या जागी भुरी माती, आणि तिच्यात पांढरट, मऊ, वळवळणारं काहीतरी, हजारोंनी. ते माझ्या मनगटावर चढलं. मी हात झटकला आणि तिथंच भिंतीशी ओकलो.

रहीमभाईनं खाली बसून त्या मातीतून एक पट्टी काढली. पानांच्या बाहेरच्या कडेची दोन बोटं रुंदीची पट्टी तेवढी वाळवीनं सोडली होती. खबर देणाऱ्याची सही किंवा अंगठा, हा रकाना त्या कडेला असे. नावं गेली होती, तारखा गेल्या होत्या, आईबापांची नावं गेली होती. एकाखाली एक अंगठे मात्र होते. मिलपलीकडचा वॉर्ड, त्यामुळे सही एकही नाही. सगळे अंगठेच. त्यांतला एक गणपतचा होता. कोणता ते मला सांगता आलं नसतं, पण होता.

आम्ही आणखी गाठोडी सोडली. ज्या वॉर्डांच्या नोंदी मी उतरवायला नेत असे त्यांची गाठोडी हललेली, झटकलेली, म्हणून बरीचशी वाचली होती. ज्यांना तीन वर्षांत हात लागला नव्हता ती गेली. वाळवीनं माझीच निवड पुढे चालवली होती.

बडेबाबूंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावलं. मी म्हणालो, गणपतला लिहून देऊ, मूळ नोंद नष्ट झाली आहे. तसं लिहून दिलं असतं तरच दोन शेजाऱ्यांच्या साक्षीनं मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करता आलं असतं, आणि ते ट्रेनिंगला चालत होतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बडेबाबूंनी सुपारी कातरता कातरता मला समजावलं. नष्ट झाली लिहिलं की वरून विचारतील, केव्हा? मार्चमध्ये तर सुस्थितीत होती, सही कोणाची? सही तुमची, तिच्याखाली माही. तुमचा कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे की नाही? मग? "आढळत नाही" असं लिवा. कोणी काही विचारत नाही.

मी म्हणालो, पण ते खोटं होईल.

"खोटं कावून?" ते म्हणाले. "तुमाले आढळून राह्यली काय?"

आणि वर हेही म्हणाले की या लोकांनी धर्म बदलला, नावंगावं बदलली, आता नोंदी सापडत नाहीत तर आपण काय करायचं. म्हणताना हसले. मीही हसलो. नोकरीत वरच्याच्या विनोदाला हसतात तसा. त्या खोलीतली कातरलेल्या सुपारीची ती गुळमट तुरट चव अजून माझ्या जिभेच्या मुळाशी आहे.

मी लिहिलं: सदर वर्षाच्या रजिस्टरात अर्जदाराची नोंद आढळत नाही. अक्षर माझं फार सुंदर होतं. सगळे म्हणायचे.

खिडकीतून कागद दिला. गणपतनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि मुलीकडे दिला. तिनं शब्दन् शब्द वाचला. गणपतनं विचारलं, म्हंजे काय वं? ती म्हणाली, "म्हंजे आपुन लिवलंच नवतं." तो तिच्याकडे पाहत राहिला, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. मला म्हणाला, नाई जी, मले याद हाय, पूर होता, टकले बाबू होते. मी तेव्हा गप्प बसलो असतो तरी निदान एक पाप कमी झालं असतं. पण माझ्या मागे बडेबाबू उभे होते, आणि खरं म्हणजे त्याचं ते खात्रीनं बोलणं मला सहन होत नव्हतं. मी अगदी समजुतीच्या सुरात म्हणालो, "गणपतराव, चोवीस वर्षांचं कोणाच्या ध्यानात राहतं? दुसऱ्या कुठल्या कचेरीत दिला असाल अंगठा. आठवून पाहा."

त्यानं खरंच आठवून पाहिलं. माझ्यासमोर, खिडकीशी उभं राहून, कपाळाला आठ्या घालून. कागदासमोर माणूस आपल्या आठवणीवरचा हात कसा सोडतो ते मी त्या दिवशी पाहिलं. शेवंतानं पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

पुढचं लवकर झालं. पाऊस लागायच्या आत, वाळवी आणखी पसरू नये या कारणानं, वाळवी लागलेली सगळी गाठोडी, थोडीफार खाल्लेलीसुद्धा, सुटीच्या दिवशी अंगणात जाळली. अंगठ्यांची पट्टी त्यांच्यातच. रहीमभाईनं ती बाजूला काढून ठेवली होती, मी त्याच्या हातातून घेऊन टाकली. माझ्या सहा वह्या जाड पुठ्ठ्यात बांधून, पानांवर शिक्के मारून, त्या सालांची रजिस्टरं म्हणून रॅकवर गेल्या. जे त्यांत होते ते जन्मले होते. दिवाळीच्या आत मी कायम झालो, दोन वर्षांनी अमरावतीला बदली झाली. रहीमभाईनं मला निरोपाच्या दिवशी हार घातला नाही. तो त्या दिवशी आलाच नाही.

अमरावतीत मी चांगला बाबू म्हणूनच ओळखला गेलो. वही पुन्हा ठेवली नाही, कोणाला ठेवू दिली नाही. अर्ज आला की मूळ रजिस्टर काढायला लावतो. हाताखालचे वैतागतात. पण हे प्रायश्चित्त नव्हे. मी फक्त त्या मातीच्या वासाला भितो. घरी धाकटीनं एकदा माळ्यावरची जुनी पुस्तकं काढली, त्यांतल्या एकाला नखाएवढी माती लागलेली होती, तर मी सगळा गठ्ठा अंगणात नेऊन फेकला. बायको पाहतच राहिली. जेवताना मध्येच हात धुऊन येतो, मनगट चोळतो. विचारलं तर उष्णता म्हणतो. दर वेळी तेच उत्तर, तयार असलेलं, जिभेवर ठेवलेलं. माझ्या बायकोला वीस वर्षांत माझ्याकडून अशीच तयार उत्तरं मिळाली आहेत. आत जाऊन पाहावं लागेल असा प्रश्न तिनं विचारला की मी पाणी मागतो.

या वैशाखात माझ्या थोरल्या मुलीला ट्रेनिंगचा फॉर्म भरायचा होता. तिचा जन्म अकोल्याचा. मीच सकाळच्या मोटारीनं मूर्तिजापूरवरून गेलो. खिडकीवरच्या बाबूनं मला ओळखलं नाही. त्यानं पुठ्ठ्यात बांधलेलं माझ्या अक्षरातलं पहिलं पान उघडलं, पाच मिनिटांत नक्कल केली आणि खाली लिहिलं, मूळ नोंदीवरून. माझ्या मागे उभी असलेली म्हातारी म्हणाली, भारी पटापट काम हाय बाप्पा इथं. मी बाहेर येऊन कडुनिंबाखाली बसलो. दाखला खिशात होता आणि छातीला लागत होता.

मग मी मिलच्या पलीकडे गेलो. पत्ता मला पाठ होता. त्या एका अर्जावरचा पत्ता मी कुठल्याही वहीत लिहिला नव्हता आणि दहा वर्षांत विसरलो नव्हतो. जाण्याआधी एका दुकानात बसून दोन कागद लिहिले: अमुक सालाची, अमुक वॉर्डाची रजिस्टरं वाळवीनं नष्ट झाली, मी ती न पाहता सुस्थितीत असल्याची सही केली, आणि गणपतला दिलेला दाखला खोटा होता. खाली माझी सही आणि हुद्दा. एक कागद कचेरीच्या साहेबांच्या नावानं पोस्टात टाकला. त्याचं काय होईल ते होवो. दुसरा हातात घेतला.

शेवंता घरीच होती. मातीची चोपलेली भिंत, दाराशी सारवलेला ओटा. चौतीस वर्षांची बाई, केस पुढून पांढरे. ती एका प्रसूतिगृहात आया आहे. ट्रेनिंग नसल्यामुळे बादल्या उचलते, फरशी धुते, बाळंतिणीची धुणी काढते. ज्या नव्या नर्स तिचं पाहून काम शिकतात, त्यांनाच ती बाई म्हणते. हे तिनं सांगितलं नाही, शेजारणीनं सांगितलं. शेवंतानं मला ओटा ओलांडायच्या आधीच ओळखलं. बसा म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "वहीवाले बाबू."

मी गणपतरावांची चौकशी केली. ती सांगत गेली, सपाट आवाजात, दारातल्या दोरीवरच्या साडीची घडी घालत. तो कागद मिळाल्यावर बाप पोलीस ठाण्यात गेला, सरकारी दवाखान्यात गेला, मिलच्या हापिसात गेला, तहसिलीत गेला. प्रत्येक ठिकाणी विचारायचा, माहा अंगठा इथं हाय का जी. सुटीच्या दिवशी तेच. पुराच्या साली जे जे शेजारी होते त्यांना गाठून विचारायचा, मी कोन्या हापिसात गेल्तो, तुमाले याद हाय का. मग हळूहळू म्हणायला लागला, मी गेलोच नसीन. पूर पाहून परत आलो असीन. घरी खोटं सांगतलं असीन. शेवटी शेवटी तिच्यापुढे हात जोडायचा, म्हणायचा, माह्यानं तुही जिंदगी गेली, बाई. दोन वर्षांमागे, याच दिवसांत गेला. जातानाही तेच बोलत होता.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. वही, सही, वाळवी, अंगठ्यांची पट्टी. म्हणालो, ते बरोबर होते. ते आले होते, पुरातून आले होते. त्यांचा अंगठा आमच्याच कचेरीत होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी जाळला. आणि कागद पुढे केला.

तिनं तो घेतला, वाचला. दहा वर्षांपूर्वीसारखाच, शब्दन् शब्द. मग घडी घातलेल्या साडीवर ठेवून दिला. रडली नाही, शिवी दिली नाही. मी शिवीची वाट पाहत होतो. शिवी मिळाली असती तर काहीतरी घेऊन परत जाता आलं असतं.

"हे त्याले सांगाचं होतं तुमी," ती म्हणाली. मग दुपारपाळीची वेळ झाली म्हणून तिनं चपला पायात सरकवल्या, आणि मी अजून ओट्यावर उभा असतानाच दाराला बाहेरून कडी घातली.